ब्रिस्बेनहून बेक्वाईला

शुक्रवारी सकाळी कुळातली झाडून सारी माणसं दुखवट्याची काळी-तांबडी वस्त्रं नेसून अंगणात बसली होती, आणि आफ्राकोमा पेटी न घेता आली.

बरोबर जिनची बाटली होती, आईकडचा आम्पोंसामामा होता, डोक्याला तांबडी पट्टी बांधलेली होती. पेटी तेवढी नव्हती. आणि आज सगळे जमले होते ते पेटीसाठीच. बाप गेला की त्याला निजवायची पेटी मुलांनी आणायची आणि चारचौघांत बापाच्या कुळाच्या हवाली करायची, ही रीत काही कालपरवाची नव्हे. बापाचं घर, कोकोचं शेत, बैठकीतली जागा, सगळं त्याच्या बहिणीच्या मुलाकडे जातं. मुलं आईच्या कुळाची, त्यांना त्यातलं काही नाही. त्यांच्या वाट्याला येते ती एक पेटी. पण ती त्यांचीच असते, तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

आफ्राकोमानं उजवीकडून सुरुवात करून एकेकाचा हात हातात घेतला. कुणी तिच्याकडे बघेना. सगळ्यांच्या नजरा तिच्या पाठीमागे, फाटकाकडे होत्या.

मधल्या मोठ्या खुर्चीत अज्येनिमकाका बसले होते. गेलेल्या यॉ बार्निएचा, आफ्राकोमाच्या बापाचा, धाकटा भाऊ म्हणून जन्मभर मागच्या रांगेत बसणारे काका गेल्या वर्षी कुळप्रमुख झाले आणि तेव्हापासून त्यांची मानच खाली येईनाशी झाली होती. त्यांच्या उजव्या हाताला न्यार्कोआत्या, गेलेल्या माणसाची सख्खी बहीण. आत्याच्या पलीकडे तिचा मुलगा कोजो, मंगळवारी अ‍ॅमस्टरडॅमहून आलेला. उद्यापासून मामाचं घर आणि शेत त्याचं होणार होतं. काळ्या वस्त्राखाली त्यानं पांढरेशुभ्र बूट घातले होते आणि बेक्वाईच्या लाल मातीपासून ते कसे वाचवावेत या विवंचनेत तो पाय उचलून बसला होता.

काकांच्या पायाशी हातात काठी धरून बाफो. काकांशी कुणी थेट बोलायचं नाही. बाफोला सांगायचं, आणि बाफोनं ते साखरेत घोळवून काकांच्या कानावर घालायचं. चाळीस वर्षं तो हेच करत आला होता आणि त्याच्यामुळे या अंगणातली निम्मी भांडणं जागच्या जागी विरून गेली होती.

"बाफो," काका म्हणाले, "पोरीला विचार, पेटी गाडीतून उतरवायची राहिली का?"

"पेटी माझ्या दुकानात आहे," आफ्राकोमा म्हणाली. "शटर ओढलंय, कुलूप घातलंय."

बाफोनं घसा साफ केला. "मुलगी म्हणते, पेटी सुखरूप आहे आणि योग्य वेळी ती आपल्या चरणी..."

"बाफोकाका, मी योग्य वेळी म्हटलं नाही. मी कुलूप म्हटलं."

मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. आत्यानं पंखा हलवायचा थांबवला.

"दुकानात?" आत्या म्हणाली. "तुझ्या त्या गोठलेल्या मासळीच्या दुकानात माझ्या भावाची पेटी ठेवलीस?"

"मासळी आतल्या खोलीत आहे, आत्या. पेटी पुढच्या खोलीत आहे, पंख्याखाली. पुसून ठेवलीय."

"मग आण ना बाई. गाडी नसेल तर कोजोनं भाड्यानं घेतलेली आहे."

"डुफिए आल्यावर आणणार. आम्ही दोघी बहिणी. पेटी दोघींची. एकीनं आणली तर अर्धीच पेटी होते."

झालं. जे नाव गेला आठवडाभर आफ्राकोमासमोर सगळे टाळत होते ते नाव अंगणाच्या मधोमध येऊन पडलं.

डुफिए धाकटी. तिला नर्सिंग शिकवायला यॉ बार्निएनं कोकोच्या शेताचा नदीकडचा तुकडा विकला होता, कुळाला न विचारता. काकांनी तेव्हा याच अंगणात थयथयाट केला होता. भाच्यांच्या तोंडचा घास पोरीला दिला म्हणून वर्षभर भावाशी बोलले नव्हते. पोरगी शिकली आणि उडाली ती थेट ऑस्ट्रेलियाला, ब्रिस्बेनच्या एका इस्पितळात. नऊ वर्षं झाली. बापाशी रोज फोनवर बोलायची, पण यायचं जमलं नव्हतं. कुळाचा राग त्या तुकड्यावरचा होता की तिच्यावरचा, हे आता त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

मूळ तारीख पुढच्या शनिवारची ठरली होती. तेव्हाच्या हिशेबानं डुफिएनं रजा काढली, तिकीट काढलं. मग कोजोचा निरोप आला की त्याला हाच आठवडा मोकळा मिळतोय, रविवारी रात्री परत निघावंच लागेल. लगेच कूळ बैठकीला बसलं आणि तारीख आठवडाभर अलीकडे ओढली. वारसासाठी ओढली. लेकीला नुसतं कळवलं.

तिकडे डुफिएनं हातापाया पडून रजा बदलून घेतली. मिळालेली पहिली जागा आज, शुक्रवारी रात्रीच्या विमानात होती. तिथली रात्र म्हणजे इथली सकाळ. ब्रिस्बेनहून दुबई, दुबईला कित्येक तास बसून राहायचं, मग अक्रा, मग रात्रीच्या रस्त्यानं बेक्वाई. कितीही पळत आली तरी रविवार उजाडणार. आणि माती उद्या, शनिवारी, दुपारच्या आत.

पहाटे ती विमानतळावरून बोलली होती. "ताई, मला खरं सांग. चढू का नको? नुसता मातीचा ढिगारा बघायला मी एवढं लांब येणार नाही. बाबांचं तोंड दिसणार असेल तरच येते. नाहीतर इथूनच रडते." आफ्राकोमानं तिला म्हटलं होतं, चढायच्या आधी फोन कर, तोवर सांगते.

"बाफो," काकांनी आवाज चढवला. "तिला सांग, उद्याची तारीख सगळ्या गावाला गेली आहे. मंडप उभा आहे. रविवारी अक्वासिदाए आहे, राजाच्या सणाला कुणी माती देत नाही की रडत नाही. उद्या चुकलं की थेट सोमवार. आणि सोमवारी वारस इथे नाही. वारसाशिवाय मामाला माती द्यायची? असं कुठं घडलंय?"

बाफो बोलायला वळला तेवढ्यात मामानं आफ्राकोमाच्या वस्त्राचं टोक ओढलं. आम्पोंसामामा भला माणूस, पण भांडणाच्या वाऱ्यालाही उभा राहायचा नाही. "पोरी," तो हलकेच म्हणाला, "त्यांचा माणूस, त्यांची माती. आपण पेटी देऊ आणि बाजूला होऊ. उद्या आपल्याकडे काही झालं तर हीच माणसं येणार आहेत."

"मामा, तुम्ही माझ्या बाजूनं बसायला आलात की त्यांच्या?"

"मी मधे बसायला आलोय."

"मग मधे खुर्ची नाहीये."

काकांनी हे ऐकलं. त्यांना बाफोची गरज राहिली नाही, ते थेट तिच्याशी बोलू लागले, आणि यावरूनच अंगणाला कळलं की प्रकरण हाताबाहेर चाललंय.

"ऐक. पेटी नको तर नको. कुमासीला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेट्या उभ्या करून ठेवल्यात. संध्याकाळपर्यंत कूळ आपली पेटी आणेल. तू तुझी ठेव मासळीला."

आफ्राकोमाचे कान तापले. पण ती सकाळपासून या वाक्याची वाट बघत होती. रात्रभर तिनं त्याचंच उत्तर जुळवलं होतं.

"आणा, काका. खुशाल आणा. आणि उद्या मंडपात सगळ्यांसमोर जेव्हा विचारतील की ही पेटी कुणी आणली, तेव्हा लाउडस्पीकरवरून मोठ्यानं सांगा, कुळानं आणली म्हणून. सगळं बेक्वाई ऐकू दे. यॉ बार्निएला पोरं नव्हती, यॉ बार्निए निपुत्रिक गेला, म्हणून भावाबहिणींनी वर्गणी काढून त्याला पुरला. सांगाल?"

आत्याचा चेहरा आक्रसला. भावाचं नाव आणि निपुत्रिक हा शब्द एका वाक्यात तिनं कधी ऐकला नव्हता.

"आणि वारस," आफ्राकोमा कोजोकडे वळून म्हणाली, "वारसाचं पहिलं काम काय, तर मामाला उसन्या पेटीत घालणं. छान सुरुवात आहे, दादा."

कोजोनं पाय खाली सोडले. बुटांना माती लागली.

"तोंड आवर," आत्या म्हणाली, पण तिचा आवाज तितकासा चढला नाही. मग तिला आपला मूळ राग सापडला आणि ती सावरून बसली. "एवढी बापाची ओढ होती तर आली असती. कोजोला मी सोमवारी नवी तारीख सांगितली. मंगळवारी तो विमानात बसला आणि बुधवारी सकाळी माझ्या हातचं आम्पेसी खात होता. मध्ये एक झोप, बस्स. तीही परदेशात, हाही परदेशात. तो येतो एका दिवसात आणि हिला तीन-तीन दिवस लागतात? कुणाला शेंड्या लावतेय? तिला यायचंच नाहीये. ती तिकडे बसून आपल्याला झुलवतेय आणि तू तिची साथ करतेयस."

माना डोलल्या. आत्याच्या मनात परदेश म्हणजे एक गाव होतं. त्या गावात एक गल्ली अ‍ॅमस्टरडॅमची, एक लंडनची, एक न्यूयॉर्कची, आणि शेवटच्या टोकाला कुठेतरी डुफिएची. अक्राहून विमान निघतं, त्या गावात जाऊन थांबतं, मग ज्यानं त्यानं आपापल्या गल्लीत चालत जायचं. आत्याला हसून उपयोग नाही. त्या अंगणातल्या बहुतेकांची हीच समजूत होती. मुलगा परदेशी गेला की तो 'तिकडे' गेला, आणि तिकडे म्हणजे तिकडे. कोण कुठल्या टोकाला आहे हे कुणी कुणाला विचारत नसे. आफ्राकोमालाही डुफिए जाईपर्यंत असंच वाटायचं. पुढे फोन करायचा तर आपल्या जेवणाच्या वेळी बहीण झोपलेली, आणि आपण उठतोय तर ती कामावरून थकून आलेली, हे रोजचं झालं तेव्हा तिला कळलं की मध्ये फार मोठं काहीतरी आहे.

पण या अंगणात एक माणूस होता ज्याला हे पक्कं ठाऊक होतं. तो खाली बघत बुटाची माती झटकत होता.

"कोजोदादा," आफ्राकोमा म्हणाली. "तू सांग."

"मी काय सांगू?"

"तू जायच्या-यायच्या विमानात बसतोस. तुला ठाऊक आहे. अ‍ॅमस्टरडॅमहून अक्राला किती वेळ लागतो?"

"साडेसहा... सात तास."

"आणि ब्रिस्बेनहून?"

"ते वेगळं," कोजो पुटपुटला.

"किती वेगळं? जरा मोठ्यानं. तुझी आई ऐकतेय."

"हे बघ, आत्ता हा विषय..."

"हाच विषय आहे. दुसरा कुठला नाहीच. तुझ्या आईनं आत्ता सगळ्यांदेखत माझ्या बहिणीला खोटारडी म्हटलं. ती खोटारडी असेल तर तू म्हण, मी आत्ता दुकान उघडते."

काका काही बोलणार होते, पण आत्यानं हात वर करून त्यांना थांबवलं. तिनं मुलाकडे मान वळवली. "सांग की. नुसतं किती लांब ते तर विचारतेय."

कोजोनं डोळे मिटून उघडले. तो वाईट माणूस नव्हता. त्याला लवकर परतायचं होतं आणि सगळं आपोआप त्याच्या सोयीनं घडत होतं, म्हणून तो गप्प राहिला होता. बहुतेक माणसं अशीच गप्प राहतात.

"दुबईपर्यंतच चौदा तास," तो म्हणाला. "एका दमात. खाली न उतरता. मग तिथे बसून राहायचं. मग तिथून अक्रा आणखी आठ तास."

"म्हणजे?" आत्यानं विचारलं. तासांचा तिला काही बोध होत नव्हता.

"म्हणजे असं समज, आत्या," आफ्राकोमा म्हणाली. "कोजो मंगळवारी आला ना? तो अक्राला उतरल्या उतरल्या तसाच परत विमानात बसला. परत अ‍ॅमस्टरडॅमला गेला. तिथं खाली न उतरता पुन्हा अक्राला आला. आणि पुन्हा उलटा निघाला. अर्ध्या वाटेवर पोचला की मग कुठं डुफिएचा एक फेरा होतो. बरोबर ना, दादा?"

"साधारण तसंच," कोजो म्हणाला. "साडेतीनपट. मी युरोपात आहे, आई. इथून वर, वाळवंट ओलांडलं की समुद्र, समुद्र ओलांडला की आम्ही. ती पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला आहे. तिच्याहून लांब गेलं की माणूस परत इकडेच यायला लागतो."

कुठूनतरी एक हसू आलं आणि लगेच विरलं. आत्या हसली नाही. ती मुलाकडे बघतच राहिली, इतका वेळ की कोजोनं पुन्हा बुटांकडे बघितलं.

"काल," आत्या सावकाश म्हणाली, "काल मी चर्चच्या बायकांना म्हटलं, डुफिए नाटकं करतेय. परवा बाजारात म्हटलं. तू माझ्या शेजारी उभा होतास. कांदे धरून."

"तू मला विचारलं नाहीस, आई."

"पोटच्या पोराला मी विचारायला हवं की मी खोटं बोलतेय का?"

"मला वाटलं, रागात बोलतेयस, बोलू दे. आणि मला रविवारी जायचंच आहे. नोकरी आहे ती. तिथं दुखवटा वगैरे कुणी मानत नाही. मामाच ना गेला? बाप तर नाही ना तो, असं विचारतात."

त्याच्या आवाजात आता खरंच काहीतरी होतं, आणि आफ्राकोमाला क्षणभर त्याची दया आली. पण दया करायला आज वेळ नव्हता.

काकांनी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर आपटले. "पुरे. लांब असेल, असू दे. लांब जायला तिला मी सांगितलं नव्हतं. ज्यानं शेत विकून तिला लांब पाठवली तो आता शवागाराच्या बर्फात निजलाय. लांब गेलेल्यानं लांब गेल्याचं भोगावं. कूळ कुणासाठी थांबत नाही."

"कोजोसाठी थांबलं असतं ना?" आफ्राकोमा म्हणाली. "उलट त्याच्यासाठी धावलंच. आठवडाभर आधी धावलं. मग कूळ थांबत नाही असं म्हणू नका, काका. कूळ माणूस बघून थांबतं."

मामानं तिच्या वस्त्राला पुन्हा हात घातला. या खेपेला त्यानं ते ओढलं नाही. नुसतं धरून ठेवलं.

आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला.

अंगणात सगळ्यांना कळलं कुणाचा आहे. आफ्राकोमानं तो कानाला न लावता हातातच धरला आणि स्पीकर लावला. आधी नुसताच गलका आला, चाकं लावलेल्या बॅगांचा खडखडाट, एका बाईचा इंग्रजीतला गोड आवाज. मग डुफिए.

"ताई, रांग लागलीय. माझ्या पुढे पाचसहा माणसं आहेत. काय ठरलं?"

आफ्राकोमानं अंगणाकडे बघितलं. काका समोर बघत होते. आत्या जमिनीकडे. काहीच ठरलं नव्हतं. ठरलं असलंच तर उलट ठरलं होतं.

"ताई? ऐकू येतंय? बाबांना उद्याच ठेवणार का? तसं असेल तर मी इथूनच मागे फिरते. मला चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी समजून घेईन. फक्त खोटं सांगू नकोस. चौदा तास मला कुणाचा फोन यायचा नाही. चौदा तास मी तुझ्या शब्दावर बसणार आहे."

एखादा शहाणा माणूस असता तर म्हणाला असता, थांब, जरा वेळ दे, बोलणी चाललीत. आफ्राकोमाचा बाप शहाणा नव्हता. नदीकडचं शेत विकताना त्यानंही कुणाला विचारलं नव्हतं. लेकीत तोच उतरला होता, आणि तिला त्या क्षणी ते कळलं आणि भीती कुठच्या कुठं गेली.

"चढ," ती म्हणाली. "मी उभी आहे तोवर बाबांना कुणी मातीत ठेवत नाही. तू त्यांचं तोंड बघशील. चढ विमानात."

"नक्की?"

"मी कधी तुला खोटं सांगितलंय?"

पलीकडे एक हुंदका आला, मग "आले, आले" असं कुणालातरी म्हटलेलं ऐकू आलं, आणि फोन बंद झाला.

आफ्राकोमानं तो कमरेला खोचला. मग ती कुळाकडे वळली.

"ऐकलंत सगळ्यांनी. ती चढली. आता तिला परत बोलवायची सोय नाही. उद्या सकाळभर ती दुबईत एका खुर्चीत बसेल, मग पुन्हा विमानात, आणि सगळा वेळ तिला वाटत राहील की बाबा तिच्यासाठी थांबलेत. मी माझा शब्द दिलाय. आता तो खोटा पाडायचा असेल तर कुळानं पाडावा. मला वाटेतून उचलून बाजूला ठेवा, दुकानाचं शटर तोडा, पेटी बाहेर काढा, आणि करा उद्याच्या उद्या. मी ओरडणार नाही. पण रविवारी सकाळी ती या फाटकातून आत येईल तेव्हा तिला काय झालं ते मी सांगणार नाही. ते तुमच्यातल्या कुणीतरी पुढे होऊन सांगायचं. कोण सांगणार? काका, तुम्ही? कोजोदादा, तू तर नसशीलच. बाफोकाका, तुम्ही गोड करून सांगाल?"

बाफोनं काठी मांडीवर आडवी ठेवली. "हे मला गोड करता येणार नाही, पोरी," तो म्हणाला. चाळीस वर्षांत त्यानं स्वतःचं म्हणून बोललेलं हे पहिलंच वाक्य असेल.

कुंपणापलीकडे कुणाचा तरी उखळ-मुसळाचा आवाज चालू होता, दुपारच्या फुफूची तयारी. मग न्यार्कोआत्या उठली.

तिचे गुडघे दुखरे, उठायला तिला नेहमी दोघांचा हात लागायचा. या वेळी कोजोनं हात पुढे केला, तर तिनं तो बाजूला सारला. ती आपली खुर्ची स्वतः ओढत निघाली. प्लॅस्टिकचे पाय मातीत रेघा काढत गेले. कुळाची रांग सोडून, मधली मोकळी जागा ओलांडून ती पलीकडे आली, जिथे आफ्राकोमा आणि मामा दोघंच उभे होते, आणि तिथं खुर्ची टेकवून बसली.

कुळातल्या बाईनं दुखवट्याच्या दिवशी मुलांच्या बाजूला जाऊन बसायचं, ही गोष्ट बेक्वाईत कुणी पाहिलेली नव्हती. मागच्या रांगेतल्या दोघीतिघी उभ्या राहिल्या, नीट दिसावं म्हणून.

"न्यार्को," काका म्हणाले. "हे काय?"

"गुडघे," आत्या म्हणाली. "तिकडे ऊन येतंय."

अंगणात ऊन कुठल्याच बाजूला आलेलं नव्हतं.

"अज्येनिम, ऐक," तिनं पुढं म्हटलं, आणि आता तिनं काकांना कुळप्रमुख म्हणून नव्हे तर धाकटा भाऊ म्हणूनच हाक मारली. "लोकांना शनिवारचं बोलावलंय, येऊ देत. बसू देत, रडू देत, ढोल वाजू देत. रविवारी सण, सगळे गप्प. सोमवारी पहाटे पेटी येईल, माती देऊ. ज्यांना रांग लावून तोंड बघायचंय ते सोमवारी बघतील."

"आणि वारस?"

"त्याला विचार. तो पलीकडे बसलाय. त्याला त्याचं तोंड आहे."

सगळे कोजोकडे वळले. तो घामाघूम झाला होता. काकांनी त्याच्याकडे अशा नजरेनं बघितलं की आता तरी काहीतरी बोल, माझी बाजू घे, मी हे सगळं तुझ्यासाठीच लावून धरलं. आणि कोजो काही केल्या बोलेना. उठेना, बसल्या जागी हलेना.

काका हरले असं म्हणता येणार नाही. काका हरणाऱ्यांतले नव्हते. पण एका बाजूला गप्प बसलेला भाचा आणि दुसऱ्या बाजूला सख्खी बहीण, आणि मधे ती पोरगी, जिच्या चेहऱ्यावर अगदी हुबेहूब त्यांचा मोठा भाऊ उभा होता, शेताच्या भांडणात उभा होता तसाच. त्या भांडणात ते वर्षभर बोलले नव्हते. वर्षभर. आणि आता बोलायला भाऊ नव्हता.

त्यांनी बाफोकडे हात केला. बाफो पुढे झुकला. काका त्याच्या कानात काहीतरी म्हणाले, पण अंगण इतकं गप्प होतं की सगळ्यांनाच ऐकू गेलं.

बाफो उभा राहिला आणि त्यानं ते कशातही न घोळवता सांगितलं. "कुळप्रमुख म्हणतात, ज्याला घाई आहे त्यानं रविवारी जावं. यॉ बार्निएला कसलीही घाई नाही. माती सोमवारी."

मागच्या रांगेत एकदम कुजबुज सुरू झाली. कुणी मंडपवाल्याला फोन लावायला उठलं, कुणी पाद्रीबाबांना गाठायला. कोजो उठला, आईकडे यायला निघाला, अर्ध्या वाटेवर थांबला आणि फाटकाबाहेर गेला. पाठोपाठ मामाही गेला, त्याला समजावायला. मध्ये बसायची सवय काही जात नाही.

आफ्राकोमाला कुणीतरी खुर्ची दिली. ती आत्याशेजारी बसली. बाप गेला त्या दिवसापासून ती रडली नव्हती, वेळच मिळाला नव्हता. आता आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून ती रडायला लागली, लहान पोरीसारखी, नाकातोंडातून. आत्यानं तिची डोक्याची पट्टी सोडून तिच्या केसांवरून हात फिरवला.

"पुरे आता," आत्या काही वेळानं म्हणाली. "तिला अजून कळायचंय ना? म्हणजे असं सगळं ठरलं ते."

"तिला ठरल्याचंच सांगितलंय मी."

"पण खरं आत्ता ठरलं. तिला कधी सांगता येईल?"

"दुबईला उतरली की. मध्यरात्र होईल आपली."

"मी जागी राहते. तुझ्या फोनवर मला बोलायला दे."

आफ्राकोमानं डोकं उचललं. नऊ वर्षांत आत्यानं डुफिएशी एक शब्द बोललेला नव्हता. "काय सांगणार तिला?"

आत्या विचार करत राहिली. बाजारात जे जे बोलली ते सगळं तिच्या तोंडाशी आलं असावं, आणि त्याबद्दल काय म्हणायचं ते तिला सापडत नव्हतं.

"बाकी काही नाही," ती शेवटी म्हणाली. "सावकाश ये, म्हणेन."